क्लेटनचा उजवा हात

बेसबॉलच्या मैदानावर चौदा हंगाम क्लेटन हॅस्किन्सचा चेंडू भल्याभल्यांना कळला नाही. समोर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर लूथर बोटांनी खुणावायचा, एक बोट म्हणजे सुसाट, दोन म्हणजे वळणारा. क्लेटन मान डोलवायचा नि टाकायचा. मुलाखतीत मात्र दंड थोपटायचा, "करामत या हाताची. लूथर काय, झोळी पसरून बसलेला!"

यंदा लूथरचे गुडघे कुरकुरले, तसं क्लबने त्याला दुसऱ्या शहराच्या संघाला देऊन टाकलं.

आज अंतिम सामन्यात शेवटच्या डावाला तोच लूथर बॅट घेऊन क्लेटनसमोर उभा. एक फटका बसला की सामना गेला. लोक शेंगा सोलायचे थांबले.

"या म्हातारबुवा," लूथरच्या मागे बसलेला क्लेटनचा नवा कॅचर म्हणाला, "गुडघ्यांना तेल लावलंत ना?"

"लावलंय रे बाळा. तू तुझ्या बोटांचं बघ."

नवख्याने एक बोट दाखवलं. क्लेटनची मान नाही म्हणाली. तीन दाखवली, तरी नाही. तेवढ्यात लूथरने बॅटच्या मुठीवर हळूच दोन बोटं उघडली.



क्लेटनने समाधानाने मान डोलवली नि वळणारा टाकला. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की लूथरच्या हातात आज बॅट आहे.