मागची काच

आई गेल्यापासून सात महिने गाडी दारात नुसती उभी होती. काचा, दिवे आणि कुलपं सांभाळणारं तिचं कंट्रोल मॉड्यूल जळलं होतं.

"मेकॅनिक कशाला? आपण दोघं बदलू की," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी बॅटरी काढून पायरीवर ठेवली. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक प्लग सोडवला आणि जुनं मॉड्यूल मांडीवर घेतलं. शेजारच्या सीटवर बसून बाबा नव्याच्या खोक्याची चिकटपट्टी नखाने काढत होते.

इतक्यात मागची डावी काच घरघरत चार बोटं खाली उतरली.

मी पायरीवरच्या बॅटरीकडे पाहिलं, मग मांडीवरच्या मॉड्यूलकडे.

"बाबा, काच उघडली कशी?"

"राहू दे," ते मान वर न करता म्हणाले. "बंद गाडीत तिला गुदमरतं."

इतका मऊ आवाज त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, म्हणून मी मॉड्यूल तसंच धरून ऐकत राहिले.

खोकं बाजूला ठेवून ते मागच्या रिकाम्या सीटकडे वळले.

"झालंच गं. पाच मिनिटं दम धर, मग निघू."

काच हळूहळू वर गेली.