खंडेनवमीची माळ

समजा, झाडांना पाणी घालायची रबरी नळी तुमच्या हातात आहे आणि पलीकडं कुणी नळाची चावी चटकन बंद केली. हाताला झटका बसतो की नाही? आता नळीत पाण्याऐवजी तेल आहे आणि असे झटके डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी बसताहेत, असं धरून चला. तसलीच एक नळी पिंपरी पेंढारच्या शेतात नुकतीच फुटली होती.

त्यातल्या तेलाच्या दाबावर उचललेली, ट्रॅक्टरला जोडलेल्या लोडरची बकेट धाडकन खाली येऊन मातीत रुतली होती. गडी हौशीराम हातभर अंतरानं वाचला होता. मालक दादाभाऊ संतापला होता. असले पाइप विकणारा निजाम वारूळवाडीहून नवा पाइप घेऊन आला, तर त्याला त्यानं मोटारसायकलवरून धड उतरूही दिलं नाही. सडका माल विकतोस, माणसं मारतोस, बेल्ह्याच्या येत्या आठवडी बाजारात उभा राहून सगळ्यांना सांगतो, असं तो बोलतच सुटला. जमलेली माणसं त्याच्या बोलण्यावर माना डोलावत होती. निजामचा सगळा धंदा याच माणसांच्या भरवशावर होता.

निजामनं नवा पाइप बसवला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. दादाभाऊची दहा वर्षांची मुलगी संस्कृती टक लावून बघत होती. तिच्या हातात त्यानं एक लांब काडी दिली. दाबातल्या पायपाला हात कधीच लावायचा नाही, म्हणाला, लांबूनच काडीचं टोक टेकव.

काडी तिच्या मुठीत थरथरू लागली. पंप तेल सलग ढकलत नाही, निजाम सांगू लागला, घोटाघोटानं ढकलतो. प्रत्येक घोटाची लाट पायपातून धावते. रबर जरासं फुगतं, पाइप हलतो आणि ती लाट पोटात घेतो. म्हणून तर तो ढिला सोडायचा.

"आणि हलूच दिला नाय तर?" संस्कृतीनं विचारलं.

निजामनं इंजिन बंद करायला लावलं आणि फुटका पाइप उचलून सगळ्यांसमोर धरला. फुटला होता तिथं रबरावर बाहेरून गोल खाच पडली होती, करवतीनं कापल्यासारखी. खाचेत तारेचा तुकडा अडकला होता आणि तेलानं चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी.

खंडेनवमीला लोडरची पूजा झाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पायपांना माळा बांधल्या होत्या. पूजेची माळ आपण होऊन गळेपर्यंत काढायची नाही, ही त्या घरची रीत. फुलं बरीचशी झडून गेली. तार मात्र पायपाला लोडरच्या लोखंडी दांड्याशी आवळून राहिली, आणि प्रत्येक लाटेसरशी तीन महिने रबर कातत राहिली.

"तार कुणी आवळली रं?" दादाभाऊ हात उगारून हौशीरामवर धावून गेला. "तुझंच काम हे. त्या बकेटीखाली तूच जायला पायजे व्हता."

हौशीरामनं मान खाली घातली. निजाम मधे पडायला पुढं झाला, पण त्याच्याआधी संस्कृती आडवी आली. तिचे कान लाल झाले होते.

"पप्पा, मी माळा दोऱ्यानं बांधल्या व्हत्या," ती म्हणाली. "सुटतील म्हणून तुमी तार आवळली. पक्कड मी आणून दिली व्हती."

दादाभाऊचा उगारलेला हात खाली आला. हौशीरामकडं बघायचं सोडून तो मातीत सांडलेल्या तेलाकडं बघू लागला.

संस्कृती लोडरच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथल्या पायपावर तार अजून तशीच होती. ती चाकावर पाय देऊन चढली, वाळक्या माळेला तिनं नमस्कार केला, आणि मग बापापुढं हात पसरला.

"पक्कड द्या."