एकोणिसावं पान

दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या निवृत्त निरीक्षकांनी मुलांसाठी पहिलंवहिलं पुस्तक लिहिलं. हस्तलिखिताची झेरॉक्स त्यांनी काढली नाही. झेरॉक्सवाल्याचा काय भरवसा? प्रत्येक पानावर आकडा घातला, आकड्याखाली सही ठोकली आणि प्रकाशक बाईंकडून बत्तीस पानांची पोच लिहून घेतली, तेव्हा कुठे ते जिना उतरले.

महिन्याने बाईंनी बोलावलं. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी पानं मोजली. एकतीस. एकोणिसावं गायब, ज्या पानावर लांडगा पहिल्यांदा दार ढकलतो, नेमकं तेच.

"तरी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "आता हे दुसऱ्या कुणाच्या नावावर छापून येणार, असंच ना?"

"पान इथेच आहे," बाई म्हणाल्या. "माझी नात शाळा सुटली की इथे येऊन बसते. तिनं तुमची गोष्ट वाचली आणि तेवढं पान त्या कपाटात घालून कुलूप लावलं."

"का म्हणून?"

"लांडगा बाहेर येईल म्हणून. त्याच दिवशी मी पुस्तक काढायचं ठरवलं." बाईंनी चावी पुढे केली. "पण कपाट उघडायचा मला काही धीर होत नाही. लांडगा तुमचा, तुम्हीच काढा."

निरीक्षकांनी संशयाने बाईंकडे पाहिलं, मग कपाटाकडे. चावी खिशात टाकली, उठले, आणि कुलूप नीट लागलंय ना, ते दोनदा ओढून बघितलं.