ना एरर, ना आवाज

हडपसरच्या ऑफिसात कल्याणी सकाळपासून गोठलेल्या जावा प्रोग्रामच्या मागे लागली होती. शेवटी सापडलं. दोन क्लास, म्हणजे प्रोग्रामचे दोन भाग, तयार होता होताच एकमेकांची वाट बघत थांबले होते. ना एरर, ना आवाज.

"पुण्याचे नसणार," शेजारचा साईनाथ म्हणाला. "एव्हाना भांडले असते."

कल्याणीचा फोनही शांतच होता. म्हणजे बाबांचं ऑपरेशन नीट चाललं असणार. तरी तिने हॉस्पिटलात बसलेल्या धाकट्या भावाला, धम्मदीपला, फोन लावला.

"ऑपरेशन कुठलं, ताई? डॉक्टर कधीचे होकार मागतायत. तुला विचारल्याशिवाय कसा देऊ? तू मीटिंगमध्ये असशील, म्हणून तुझ्याच फोनची वाट बघत बसलोय."



आत बाबांच्या प्राणांनी मात्र कोणाचीच वाट बघितली नव्हती.