वीतभर अंतर

माझ्या छातीत पेसमेकर बसवल्यापासून घरात मिक्सर लागला की मला गॅलरीत जावं लागायचं. शेजारच्या शिंत्रेकाकू त्यांच्या गॅलरीतून विचारायच्या, “काय गं, आज कसली चटणी?”

आज आईने भांड्याला झाकण लावलं तरी मी जागची हलले नाही. “डॉक्टर म्हणाले होते ना, वीतभर अंतर ठेवलं की पुरे?”

“त्यांना काय जातंय बोलायला? बाहेर हो.”

“शाळेत कम्प्युटरसमोर बसतेच की मी.”

मी अंगठा छातीवर टेकवला आणि करंगळी मिक्सरकडे ताणली. मधे आणखी एक वीत सहज मावली असती. मग हात लांब करून झाकण दाबलं, बटण फिरवलं. मिक्सर घरघरला. आई माझं मनगट पकडून, डोळे मिटून नाडी चाचपत राहिली. नाडी ठरल्या तालात चालली होती.

मी मिक्सर बंद केला. आईने मनगट सोडलं, बोटाने चटणी चाखली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आणि मीठ कोण घालणार, शिंत्रेकाकू?”

मी मीठ घातलं आणि मिक्सर पुन्हा लावला. या वेळी आई पाठमोरी उभी राहून काकडी चोचवत होती.