चाफेपाड्याचा पंचनामा

"हे तू मनानं रचलंयस," वंदना भालेराव म्हणाली.

रविना टेबलापुढे उभी होती. तिचा प्रकल्प टेबलावर उघडा पडला होता.

"नाय मॅडम. रेकॉर्डिंग आहे माज्याकडं."

मुरबाडच्या कॉलेजात वंदना इतिहास शिकवायची. पुस्तकातला इतिहास मुलं पाठ करतात आणि विसरतात, असं तिचं मत होतं. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाला ती एकेका जुन्या कागदाची झेरॉक्स द्यायची. कागद तपासा, गावात जा, म्हाताऱ्यांना विचारा, मग लिहा. यंदा तिनं त्यात एक खोटा कागद सरकवला होता. खोटं ओळखता आलं नाही तर खरं कसं ओळखणार, असा तिचा विचार.

तो कागद तिनं स्वतः लिहिला होता, कल्याणला घरी जेवणाच्या टेबलावर, एका बैठकीत. १९६५ सालचा पंचनामा. मे महिना, चाफेपाड्याची विहीर आटलेली. एक बाई आत उतरून वाटीनं पाणी भरत असताना कठडा कोसळतो आणि ती दगडांखाली सापडते. मयताचं नाव सखू राघो. मुलांनी पकडाव्यात म्हणून तिनं चुका पेरल्या होत्या. पिनकोड नव्हताच त्या काळात, तो घातला. सही तलाठ्याची आणि शिक्का पोलीसपाटलाचा. चाफेपाडा हे नावही तिचंच. तालुक्याच्या नकाशात असा पाडा नव्हता.

काकूंनी तेव्हा तो कागद उचलून वाचला होता. वंदनाची आई ती लहान असतानाच काविळीनं गेली, वडील त्याआधीच, आणि काकूंनी तिला वाढवलं. काकूंना शिकवण्यातलं काही कळत नसे. असलं अभद्र कशाला लिहितेस, एवढंच म्हणून त्या आत गेल्या होत्या.

रविनानं चुका पकडल्या होत्या. पण शेवटी तिनं लिहिलं होतं : कागद बनावट आहे, घटना मात्र घडलेली आहे.

वंदनानं रेकॉर्डिंग ऐकलं. धसईची गोजाबाई नावाची म्हातारी बोलत होती. चाफेपाडा म्हणजे धसईपलीकडची पाचसात घरं, लोक केव्हाच पोटापाण्याला पांगले, आता तिथं फक्त जोती आहेत. साल चुकलंय, हे बरंच नंतरचं. कागदावरचा नावपण तिचा नाय. बायकांनी लुगडी एकमेकांना बांधून विहिरीत सोडली होती, पण ती धरायला खाली कोणी उरलं नव्हतं.

वंदनानं मोबाइल बंद केला. मुलीनं कुठल्या तरी म्हातारीला पढवलं, दुसरं काय? विद्यापीठातल्या निबंधवाचनासाठी रविनाचं नाव तिनंच पाठवलं होतं. ते मागे घ्यायचं तिनं ठरवलं. पण मग तो कागद आपण लिहिला हे सगळ्यांना सांगावं लागणार होतं, आणि त्याआधी खात्री करणं भाग होतं.

गोजाबाईंकडे घेऊन चल, असं तिनं रविनाला सांगितलं. रविना लगेच तयार झाली. म्हातारीनंच तसा निरोप दिला होता म्हणे. कागद कोणी दिला, बाई कुठल्या, आडनाव काय, सगळं विचारून घेतलं होतं आणि म्हणाली होती, तुज्या बाईंना आन.

एसटीत दोघी शेजारी बसल्या. रविना खिडकीबाहेर बघत होती. धसई जवळ आल्यावर ती म्हणाली, "माजं नाव काढलं तरी चालंल मॅडम. पण तिला खोटी म्हणू नका. ती सांगताना लय रडली."



गोजाबाई ओट्यावरच बसली होती. तिनं वंदनाला शेजारी बसवून घेतलं, तिचा हात हातात घेतला आणि नंतर सोडलाच नाही. म्हाताऱ्या माणसांची सवय, वंदनाला वाटलं. ती कामाला लागली. साक्षीदाराला मुद्दाम चुकीची गोष्ट विचारावी, पढवलेला माणूस हो म्हणतो, हे तिनंच वर्गात शिकवलं होतं.

"तेव्हा पाऊस लागला होता ना, आजी?"

"पाऊस असता तर ती विहिरीत कशाला उतरली असती?"

वंदनानं आणखी दोनतीनदा चकवून पाहिलं. म्हातारी एकदाही चकली नाही. विहिरीच्या कोणत्या बाजूनं दगड सुटले, बाहेर काढल्यावर तिला कुठं ठेवली, कोण धावत आलं, सगळं ती सावकाश सांगत गेली. मध्येच थांबून ती वंदनाच्या तोंडाकडं बघे आणि पुन्हा बोलू लागे.

ही बाई खोटं बोलत नव्हती. मग आपण लिहिलं ते काय होतं? लहानपणी कुठं कानावर पडलं असेल, कोणी बोलताना ऐकलं असेल आणि विसरलो असू. नाव, साल आपलं, बाकी ऐकीव. तसंच असणार. वंदनाला जरा हायसं वाटलं आणि त्याबरोबर शरमही. परत जाताना रविनाची माफी मागायची, तिचं नाव तसंच ठेवायचं, हे तिनं मनात नक्की केलं. आता एकच गोष्ट राहिली होती. कोणा बाईचा असा जीव गेला असेल, तर निदान ती खऱ्या नावानं लिहिली जायला हवी.

तिनं पेन काढलं.

"कागदावरचं नाव चुकीचं आहे म्हणालात आजी. मग त्या बाईचं खरं नाव काय होतं?"

गोजाबाईनं तिचा हात घट्ट धरला.

"आपल्या आयचा नाव मला काय इचारतेस गो?"