डोळ्यांपर्यंत पाणी

जहाजांचे तळ खरवडायचं काम दोघा भावंडांचं. मागच्या महिन्यात गार पाण्याने बहिणीला थेट दवाखान्यात पोचवलं, म्हणून आज तिने ड्राय सूट चढवला होता. पाणी आत न घेणारा, पण हवा धरून ठेवणारा. धक्क्यावर दादाने नेहमीसारखा शिशाचा पट्टा तिच्या कमरेला आवळला आणि ती पाण्यात उतरली. सूटमधली हवा सोडली, श्वास रोखून स्थिर राहिली. पट्ट्याचं वजन पुरेसं असतं तर पाणी डोळ्यांपर्यंत यायला हवं होतं. ते खांद्यांपाशीच थांबलं. पुन्हा केलं, तरी ती बुचासारखी वरच.

"बघ, पाणीसुद्धा तुला घ्यायला तयार नाही," तिची दोरी धरून दादा वरून म्हणाला. "हट्ट पुरे. तुझ्या वाटचे तळ मी खरवडतो, तू घरी जा."

"ड्राय सूटला शिसं जास्त लागतं, हे मला कोणी शिकवलं?"

"मीच."

"म्हणून तर जादाचे तुकडे मी सकाळीच पट्ट्यात ओवले होते," ती शिडीला धरून म्हणाली. "आणि तुझ्या जॅकेटचा एक खिसा मघापासून लोंबतोय."

दादाचा हात आपसूक खिशावर गेला.

"त्या दिवशी तुला वर ओढलं तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते. ते मी पाहिलेत बये, तू नाही."

"म्हणूनच दोरी तुझ्या हातात दिलीय, दादा. शिसं माझं मला दे."